भेकाला पक्ष्याचे औषध चालणार नाही

महोदय,

टेक्सासमधल्या संकटग्रस्त प्राण्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सोनेरी गालांच्या वार्बलर या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याला छायाचित्रासह पाऊण पान आणि ह्यूस्टन भेकाला (भेक म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक) जेमतेम दोन ओळी! वास्तविक अमेरिकी सरकारच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत भेक आधी आला, 1970 मध्ये. वार्बलरची नोंद 1990 ची.

माझी हरकत मात्र वेगळी आहे. लेखात दोघांनाही एकच उपाय सांगितला आहे: जंगल राखा. वार्बलरपुरते ते पटते. हा पक्षी वीण करतो ती फक्त टेक्सासात. ॲश ज्युनिपरच्या जुन्या झाडांच्या सालीच्या धांदोट्या कोळ्याच्या जाळ्याने सांधून तो घरटे विणतो. कोवळ्या झाडाची साल अशी सुटत नाही, त्यामुळे तोडलेल्या ज्युनिपरच्या जागी रोपे लावली तरी या पक्ष्याच्या कित्येक पिढ्यांना त्यांचा उपयोग नाही. ऑस्टिनजवळचे बाल्कोनीस कॅनियनलँड्स अभयारण्य 1992 मध्ये झाले, तिथे अशी जुनी झाडी टिकवली जाते. (हिवाळ्यात हा पक्षी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत जातो, तिथली जंगलेही राहायला हवीत, हे आलेच.)

भेकाला झाडीबरोबर भुसभुशीत वाळू हवी, अंग पुरून घ्यायला. आणि वेळेवर पाऊस हवा, कारण अंडी घालायची ती डबक्यात. 1950 च्या दशकातला दुष्काळ आणि पसरते शहर यांनी त्याला ह्यूस्टनमधून घालवले. तिथले आता फक्त नाव उरले आहे. मग मोठा आधार राहिला टेक्सासातल्याच बॅस्ट्रॉप भागातल्या पाइनवनांचा. सप्टेंबर 2011 मध्ये, पुन्हा दुष्काळातच, तिथे वणवा भडकला आणि तीस हजारांहून जास्त एकर जळाले. त्यात बॅस्ट्रॉप स्टेट पार्क जवळजवळ पूर्ण होरपळले. ती जागा राखीवच होती ना?

म्हणूनच ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात भेकांची पैदास करून अंड्यांच्या माळा तळ्यांत सोडल्या जातात. या खटाटोपाचा लेखात उल्लेखही नाही. वार्बलरच्या गाण्यावर मात्र अख्खा परिच्छेद आहे. विणीच्या काळात भेकाचा नरही कित्येक सेकंद लांबणारी, उंच आणि चांगली सुरेल साद घालतो, पण ते असो. जमीन एकदा घेऊन ठेवता येते. पैदाशीला दरवर्षी माणसे आणि पैसा लागतो. तो कोण देतो आणि सोडलेल्या अंड्यांतून किती भेक मोठे होतात, यावर एखादा लेख जरूर द्यावा.

आपला,
एक वाचक