सेवेचा फलक आमच्या पांघरुणावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ख्रिस्ती तरुण संघांच्या रुग्णसेवेवरचा लेख वाचला. लेख गोड आहे. इतका गोड, की त्यातला एकही रुग्ण कण्हत नाही. तरुण येतात, गीत गातात, शास्त्रभाग वाचतात, रुग्णाच्या चेहऱ्यावर हसू उमलतं आणि सगळे धन्य होऊन घरी जातात. काल रात्रीच लिहायला बसणार होते, पण रागाच्या भरात लिहू नये म्हणून सकाळपर्यंत थांबले. राग काही गेलेला नाही.

माझे पती शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते, तेव्हा असाच एक संघ आमच्याकडे आला होता. मुलं गुणी होती, कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे आधीच सांगते. नाहीतर उद्या माझ्यावरच पत्रं छापाल. खोलीत मावतील त्याहून जास्त जण, एक गिटार आणि संघाचं नाव छापलेला कापडी फलक. तो कुठे लावायचा यावर जरा कुजबुज झाली आणि शेवटी दोघांनी तो ह्यांच्या पांघरुणावरच पसरला. अक्षरांना सुरकुती पडू नये म्हणून पाय थोडे बाजूला सरकवले. पाय कुणाचे, दुखतात का, हे विचारायचं राहून गेलं.

मग प्रार्थना. ती लांबली. ह्यांना लघवीचं भांडं हवं होतं, बोट उचलून खुणावत होते, पण सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी दाराशी अडकलेली, मध्ये भक्तांची भिंत. एका मुलाने तेवढे डोळे उघडले. त्याने गिटारवाल्याला हलकेच बाजूला केलं, पलंगाखालचं भांडं काढलं, चादरीचा आडोसा धरला आणि नंतर ते नेऊन धुऊनही आणलं. प्रार्थना चालूच होती. पुढे फोटो काढले, तेव्हा तो बहुधा हात धूत असावा, कारण एकाही फोटोत तो नाही.

निघताना संघाच्या प्रमुखाने माझा हात हातात घेऊन सांगितलं, ‘आंटी, यामागे देवाची काहीतरी योजना आहे.’ असेल बापडी. पण ती मला ऐकवायचं काम विशीतल्या मुलाकडे कुणी दिलं? बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. त्याच्या दुःखाची कारणं सांगत सुटले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग भडकतो तो ईयोबावर नाही, या तिघांवर. हा अध्याय तरुणांच्या बैठकीत कुणी वाचत नाही का?

दोष मुलांचा कमी, शिकवणाऱ्यांचा जास्त. दुःख हा तिथे महिन्याचा ‘विषय’ असतो. दुःख का येतं, विश्वास कसा टिकवावा, गटचर्चा, मग खेळ. पडून राहिलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, त्याच्या घशात न अडकता पाणी कसं पाजायचं, हे मात्र कुणी दाखवत नाही. एखाद्या नर्सबाईंना बोलावलं तर तासाभराचं काम आहे.

आणि हो, आपल्या लेखकाला ही ‘नव्या पिढीची नवी वाट’ वाटते. नवी? जॉर्ज विल्यम्स या कापडाच्या दुकानात राबणाऱ्या तरुणाने सोबत्यांना घेऊन लंडनमध्ये वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना काढली ती १८४४ मध्ये. जिनिव्हात १८५२ मध्ये ती उभी करणाऱ्यांत हेन्री ड्युनांट होता. हाच माणूस १८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर जवळच्या कास्तिल्योने गावात पोचला. चर्चमध्ये जखमी सैनिक खच्चून पडलेले. त्याने गावातल्या बायामुलींना हाताशी धरलं, जखमा धुतल्या, पाणी पाजलं, मरणाऱ्यांचे घरचे निरोप लिहून घेतले. सैनिक कुठल्या बाजूचा, हे विचारलं नाही. त्यातूनच १८६३ मध्ये रेड क्रॉस उभी राहिली.

पुढे १८६७ मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि ज्या जिनिव्हात त्याने तरुण जमवले होते, तिथेच त्याला तोंड दाखवायची सोय उरली नाही. स्वित्झर्लंडमधल्याच हायडेन गावच्या रुग्णालयात तो विस्मरणात पडून होता. त्याला १८९५ मध्ये जगासमोर आणलं ते एका पत्रकाराने. १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल त्यानंतरचं. तेव्हा वर्तमानपत्रांकडून मी अजून आशा सोडलेली नाही.

आमच्या संघाचं म्हणाल, तर ह्यांच्या अंत्यविधीला सगळे होते, गाणीही सुरेख म्हटली. नंतर कुणी फिरकलं नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवांची त्यांच्या संकटात विचारपूस करायला सांगितलंय. पण विधवेच्या घरी फलक पसरायला पलंग नसतो. तो भांडं धुणारा मुलगा तेवढा येऊन जातो. मध्यंतरी कळलं, बैठकांना गैरहजर राहतो म्हणून त्याला संघाच्या समितीतून काढलं. बैठक संध्याकाळी आणि त्याची पाळी त्याच वेळेची. कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात पाळीवर जाणारा तरुण या संघांनी ‘अनियमित’ ठरवून टाकलाय आणि लेखात हजेरीचं कौतुक!

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्रात उजवीकडच्या पलंगावर एक वृद्ध बाई आहेत. गाऊन खांद्यावरून घसरलेला, तोंड उघडं, नजर भलतीकडे. भोवतीची मुलं मात्र कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. त्यांची सगळ्यांची नावं आपण डावीकडून क्रमाने छापलीत, बाईंचा उल्लेख फक्त ‘एक रुग्ण’. तो फोटो छापायला त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घेतली होती का? घेतली असेल तर तसं छापा. नसेल तर तुमच्या संकेतस्थळावरून तो आजच काढा. आणि हे पत्र छापताना नेहमीप्रमाणे मधूनच कापू नये, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक