पांढऱ्या पेशींचा आकडा फसवा

मा. संपादक,

कुत्र्याच्या जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी येतात, निदान लिम्फोमाचे, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे, होते आणि सगळ्यांचे डोळे लागतात ते पांढऱ्या पेशींच्या आकड्याकडे. तो ठीक आला की पालक निर्धास्त. पण पेशी किती आहेत यावरून त्या काम करतात का, हे कळत नाही. वाढलेल्या लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एकाच बिघडलेल्या पेशीच्या नकला असतात, संरक्षणाला त्यांचा उपयोग नाही. न्यूट्रोफिलने, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीने, जंतू गिळला तरी त्याला आत जाळून मारण्याची ताकद मंदावलेली असू शकते.

ही ताकद मोजता येते. न्यूट्रोफिलना जंतू देऊन डायहायड्रोरोडामिन हे रसायन घालतात. पेशी नीट जाळत असेल तर ती हिरवी चमकते आणि फ्लो सायटोमीटर हे एकेक पेशी तपासणारे यंत्र ती चमक मोजते. चूक होते ती नमुना घेताना. नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतले ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) पेशींना लागणारे कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे धडधाकट पेशीही सुस्त दिसतात. रक्त हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या द्रव्याच्या) नळीत घ्यावे, बर्फात ठेवू नये आणि काही तासांतच तपासावे. सोबत निरोगी कुत्र्याचा नमुना हवाच. तोही मंद निघाला, तर दोष वाहतुकीचा.

सर्वांत जास्त घोळ प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडमुळे होतो. गाठी दिसताच ते सुरू केले, की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि आकडा फुगतो. नवे सैन्य आलेले नसते. गाठीही आक्रसतात, सुईने घेतलेल्या नमुन्यावरून निदान अवघड होते आणि पुढच्या केमोथेरपीला कर्कपेशी दाद देईनाशा होतात. म्हणून आधी सुई, मग गोळी. सुई शक्यतो गुडघ्यामागच्या किंवा खांद्यापुढच्या गाठीत घालावी, कारण जबड्याखालची गाठ नुसत्या दातांच्या दुखण्यानेही सुजते. नमुना पसरलेल्या काचपट्ट्या फॉर्मेलिनच्या (ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीसोबत पाठवू नयेत, नुसत्या वाफेनेही रंग बिघडतो.

केमोथेरपीनंतर साधारण आठवड्याने न्यूट्रोफिल तळाला जातात. संख्या मायक्रोलिटरला १५०० च्या खाली असेल तर पुढचा डोस लांबवतात. या काळात संसर्ग झाला तरी पू किंवा सूज फारशी दिसत नाही, कारण पू बनायला लागणाऱ्या पेशीच नसतात. थर्मामीटर एवढाच भरवशाचा. गुदद्वारातून घेतलेले तापमान ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल आणि कुत्रा मलूल असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊ नये. ती कुत्र्यांना विषारी असते.

— एक पशुवैद्यक