देणगीच्या अटींविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा चार अटींचा मसुदा मिळाला. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचा एक हिस्सा मुलांना कोणत्याही धर्माची शिकवण न देता विचार करायला शिकवणाऱ्या उपक्रमांना द्यावा, असे तुझ्या मनात आहे. कोणाला द्यावा, हे मी सांगणार नाही. कसा द्यावा, याबद्दल मात्र एका छोट्या न्यासाच्या निवड समितीवर बसून जे काही उमगले, ते लिहितो.

‘धर्मादाय’ या शब्दातच धर्म बसलेला आहे, हे तुझ्यासारख्या शब्दवेड्याला सांगायला नको. दानाचे कायदे बहुतेक ठिकाणी धर्माच्या सावलीतच वाढले, त्यामुळे धर्म न मानणाऱ्यांना त्यांत शिरायला वेळ लागला. चार्ल्स बोमन नावाच्या इंग्रज गृहस्थाने आपली मालमत्ता सेक्युलर सोसायटी या संस्थेला ठेवली, तेव्हा ख्रिस्ती धर्माला विरोध करणाऱ्या संस्थेला दिलेले दान बेकायदा आहे, असे म्हणत त्याचे नातेवाईक न्यायालयात गेले. तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९१७ मध्ये निकाल संस्थेच्या बाजूने दिला. पुढे १९८० मध्ये देवाऐवजी नीतिविचारावर भर देणाऱ्या लंडनच्या साऊथ प्लेस एथिकल सोसायटीच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, या संस्थेत उपासना नाही, म्हणून तिचे कार्य हा धर्मप्रसार नव्हे. मात्र ती शिक्षणाचा प्रसार करते, म्हणून ती धर्मादाय ठरते. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण ‘आम्ही शिकवतो’ हा दावा खरा असल्याशिवाय अशा संस्थेला त्या दारातून आत जाता येत नाही, आणि नेमकी तीच कसोटी देणगीदारानेही लावायला हवी.

आता शिकवणे म्हणजे काय, ते पाहा. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या कॅम्प क्वेस्ट या शिबिरात मुलांना सांगितले जाते की, आवारात दोन अदृश्य एकशिंगी घोडे राहतात. ते नाहीत, हे सिद्ध करून दाखवणाऱ्यास बक्षीस मिळेल. ते बक्षीस आजवर कोणालाच मिळालेले नाही. देव आहे की नाही, हे तिथे कोणी सांगत नाही. पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर असते, हे मात्र मूल हसतखेळत स्वतःच शोधून काढते. युगांडातील आयझॅक न्यूटन हायस्कूल आणि मस्टर्ड सीड या मानवतावादी शाळांचे दरवाजे सर्व धर्मांच्या घरांतील मुलांना खुले आहेत आणि त्यांच्यासाठी निधी जमवणारा न्यास २००८ पासून ब्रिटनमध्ये काम करतो. तिथले देणगीदार शिष्यवृत्ती देतात, इमारतींना हातभार लावतात. मुलाने घरचा धर्म सोडावा, अशी अट घालत नाहीत.

म्हणूनच तुझी चौथी अट मला खटकली. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ‘मी अंधश्रद्धा पाळणार नाही’ असे लिहून द्यावे, असे तू म्हणतोस. अरे, गरजू मूल पैशासाठी काहीही लिहून देईल! कागदावर सही करून घेतलेला विवेक आणि कागदावर सही करून घेतलेली श्रद्धा यांत मला तरी काही फरक दिसत नाही. आमच्याकडे एकदा अहवाल आला होता, त्यात किती मुलांनी कोणकोणत्या समजुती सोडल्या, याचा तक्ताच होता. समितीने कौतुक केले, मीही केले. पुढे भेट द्यायला गेलो, तेव्हा कळले की वर्गात हात वर करायला सांगून ती मोजणी झाली होती आणि शेजारच्याचा हात पाहूनच बहुतेकांनी आपला वर केला होता.

माझी त्याहून मोठी चूक पैशाच्या वाटणीत झाली. एका प्रस्तावात निम्म्याहून अधिक रक्कम दोन शिक्षकांच्या पगाराची होती, म्हणून ‘आस्थापना खर्च जास्त’ असा शेरा मारून मी तो नाकारला आणि त्याऐवजी पुस्तिका छापण्याच्या प्रस्तावाला पैसे दिले. पुस्तिका देखण्या निघाल्या, आणि वर्षभराने कपाटात तशाच गठ्ठ्याने सापडल्या. ज्या कामात मुलाच्या प्रश्नाला उलट प्रश्न विचारणारा माणूस समोर लागतो, तिथे पगार हाच प्रकल्प असतो, हे मला फार उशिरा कळले. शिवाय एका वर्षाच्या मदतीवर कोणताही जाणता शिक्षक हातची नोकरी सोडून येत नाही. तेव्हा रक्कम थोडी कमी दे, पण निदान तीन वर्षांचा शब्द दे, आणि पुढचा हप्ता मिळणार की नाही, हे वर्ष संपण्याच्या बऱ्याच आधी कळव.

हिशेब जरूर माग. लेखापरीक्षकाचा अहवाल, विश्वस्तांची यादी, आधीच्या मदतीचा विनियोग, यांत संकोच नको. विचार आपल्यासारखे आहेत म्हणून व्यवहारही चोख असेल, असे समजणे हीसुद्धा एक श्रद्धाच आहे. कामाच्या अहवालात मात्र आकड्यांऐवजी, शिक्षकांना उत्तर देता आले नाही असे मुलांचे प्रश्न मागवून घे. एका संस्थेने आम्हाला ते पाठवले होते. ‘तुम्ही सांगता म्हणून आम्ही का मानायचे?’ हा त्यांतला पहिला होता.

तुझ्या पहिल्या तीन अटी ठीक आहेत. दुसरीतील ‘केवळ साहित्य खरेदीसाठी’ एवढे शब्द काढ. मसुदा वकिलाकडे जाण्यापूर्वी एकदा माझ्याकडे येऊ दे, आणि चौथी अट खोडूनच पाठव.

तुझा,
जुना मित्र