मंत्रिमहोदय, आजीचं दुखणं एकट्या आजीला विचारू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. मी लालबागला राहते. माझ्या आजीला अल्झायमर आहे. निदान होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या दिव्यांग तपासणी मंडळाने तिचं दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून कमी ठरवलं. चाळीसच्या खाली गेलं की बहुतेक सवलतींचा विषय संपतो, हे आपल्याला सांगायला नको. अर्ज करण्याआधी आम्ही तिथे जाऊन मुद्दाम विचारलं होतं, तपासणीच्या वेळी आईला आत बसू द्याल ना? "देणार की, घरच्यांशिवाय कळणार कसं?" असं उत्तर मिळालं होतं. त्या शब्दावर आम्ही आजीला टॅक्सीत घालून नेलं. प्रत्यक्षात आईला दाराबाहेर थांबवलं आणि आजीला एकटीला आत नेलं.

दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

"आजी, स्वतःच्या हाताने जेवता ना?"

"मी? अहो, वीस-पंचवीस माणसं जेवतात माझ्याकडे."

"स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. पहिल्या पाळीचे डबे उजाडायच्या आत भरून होतात. तुम्ही जेवलात का?"

आत सगळे हसले. कोणीतरी "छान आहेत की आजी" म्हणालं, आणि पाच-सात मिनिटांत तपासणी आटोपली.

महोदय, आजीची खाणावळ १९८२ च्या गिरणी संपात बंद पडली. १८ जानेवारीला गिरण्या थांबल्या, मग तिच्याकडे जेवणारी सातारा-रत्नागिरीची माणसं एकेक करून गावी गेली. कित्येकांची उधारी आजीने कधी मागितलीच नाही. जी बाई आत बसून डब्यांचा हिशेब सांगत होती, तिला आज पुढ्यात ठेवलेल्या भाताचं काय करायचं ते कळत नाही. आई एकेक घास भरवते. घास गिळायचा हेही मधूनमधून सांगावं लागतं. आईला ती "वहिनी" म्हणते. आई तिची पोटची मुलगी आहे.

परक्या माणसासमोर मात्र ती पदर सावरून ताठ बसते आणि स्पष्ट, अदबीने बोलते. हे ढोंग नाही, या आजाराची रीतच ती आहे. अल्झायमर बहुतेकांच्या बाबतीत मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस आणि त्यालगतच्या, नव्या आठवणी घडवणाऱ्या भागापासून सुरू होतो, म्हणून नवं टिकत नाही. तरुणपणीच्या आठवणी, बोलण्याचालण्याचे रीतिरिवाज, हातांना जडलेली सवय हे सगळं पुष्कळ उशिरापर्यंत राहतं. ज्या घरात असा माणूस आहे त्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. पाहुणे आले की आजी शहाणी, पाहुणे गेले की रात्रभर जागरण. मग तपासणीला बसणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक नसावं?

त्यांच्या हातात दिव्यांगत्व मोजायची पट्टी होती ती आयडियाज नावाची. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि कामकाज अशा चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे वेगळे गुण. एकूण सात गुण झाले की चाळीस टक्के. काळजी घेणाऱ्या माणसाकडूनही माहिती घ्यायची, हे त्या पद्धतीतच आहे. आई दाराबाहेर उभी होती, हातात फाईल होती, एमआरआय होता, डोनेपेझिल आणि मेमँटिन या औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. तिला कोणी काही विचारलं नाही.

आणि मुळात ही पट्टी मानसिक आजारांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत. त्यात मज्जासंस्थेच्या जुनाट आजारांखाली पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, डिमेन्शियाचं, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाच्या आजारांचं, नाव नाही. ज्या आजारात मेंदूच्या पेशी मरतात, मेंदू आकसत जातो, तो मेंदूचा आजार म्हणून नोंदवायला आपल्या कायद्यात जागा नाही, म्हणून मानसिक आजाराच्या रांगेत उभं राहायचं. आयकर खात्याच्या नियमात मात्र उपचारखर्चाच्या वजावटीसाठी डिमेन्शिया नाव घेऊन लिहिलेला होता. म्हणजे सरकारच्या एका खात्याला हा आजार माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही. हा कायदा केंद्राचा आहे हे मला कळतं. पण सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे, आणि दारावर बसलेली माणसं राज्याची आहेत.

आता घरातलं सांगते, कारण मंडळाला ते सांगायचंच राहिलं.

आजी रात्री तीनला उठते. भोंगा झाला म्हणते. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, तरी तिला भोंगा ऐकू येतो. उठली की परात शोधते. झोपण्याआधी आम्ही सिलिंडरचा रेग्युलेटर काढून लपवतो, कडीला कुलूप घालतो. अडवलं तर ती रडते, "पोरं उपाशी जातील गं" म्हणते. म्हणून मी उठते आणि परातीत दोन मुठी कणीक घालून तिच्यापुढे ठेवते. पाणी किती घालायचं हे तिला सांगावं लागत नाही. मुठीने दाबून बघते, बोटं पुन्हा ओली करते, शेवटी तेलाचा हात फिरवते. गोळा इतका मऊ आणि एकसारखा होतो की माझ्याच्याने तो आजही जमत नाही. मी शेजारी बसून राहते. त्या अर्ध्या तासात माझी आजी मला सगळीच्या सगळी परत मिळते, आणि त्यासाठी मी रोज तीनला उठायला तयार आहे. मग ती हात धुवायचे विसरते, पिठाच्या हातांनी दार ठोठावायला लागते, आणि शेजारचे भिंतीवर थापा मारतात.

आईने नोकरी सोडली. नर्सिंग ब्युरोकडून बारा तासांची बाई ठेवायची तर महिन्याला वीस हजारांच्या घरात जातात, डायपर आणि औषधं वेगळी. त्या बायकांनाही डिमेन्शियाचं काही शिकवलेलं नसतं. एकीने आजीला दटावून खुर्चीला बांधलं होतं. मी क्लासवरून घरी आले तेव्हा आजीच्या मनगटावर वळ होते. त्या बाईला मी किती दोष देऊ? तिला कोणी शिकवलं? खाणावळीच्या पैशांतून केलेली आजीची ठेव बँकेत पडून आहे. सही जुळत नाही आणि बँक म्हणते कोर्टाकडून पालक नेमून आणा. तिचेच पैसे तिच्या औषधाला काढायचे तर आधी वकिलाला पैसे द्यायचे.

योजना आहेत, हे आपण सांगाल. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांचं संरक्षण आहे. ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. अल्झायमर घरात भोगायचा आजार आहे महोदय, वर्षानुवर्षं, बारा बाय दहाच्या खोलीत. दाखल करण्याजोगं काही होईपर्यंत घरातलं दुसरं माणूस आजारी पडतं. वयोश्री योजनेत तीन हजार रुपये मिळतात, चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी. आजीचं यातल्या कशावाचूनही अडलेलं नाही. तिच्याजवळ चोवीस तास माणूस लागतं, आणि ते माणूस कोणत्याच योजनेत नाही.

हे एका घराचं रडगाणं नाही. देशात साठीच्या पुढच्या शंभरांत सातांहून अधिक जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख माणसं. पुरुषांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत, बायकांत नऊ. बायकाच जास्त आजारी, आणि त्यांचं करणाऱ्याही लेकी, सुना, नातीच. म्हणूनच कोणाला घाई नाही का? जागतिक आरोग्य संघटनेचा डिमेन्शियाचा कृती आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, निदान पंचाहत्तर टक्के देशांनी २०२५ पर्यंत आपला आराखडा करावा असं उद्दिष्ट होतं. आपण मान डोलावली, ते वर्ष उलटलं, देशाचा वेगळा आराखडा नाही. शेजारच्या कर्नाटकाने निम्हान्स या बंगळुरूच्या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेला बरोबर घेऊन जिल्हा रुग्णालयांत मेंदू-आरोग्याची क्लिनिक सुरू केली. महाराष्ट्राला कोणी अडवलंय? या राज्यात पेन्शन चालू राहावी म्हणून म्हातारं माणूस हयात आहे हे दरवर्षी दाखल्याने सिद्ध करावं लागतं. ते कसं जगतंय हे विचारायला मात्र कोणी येत नाही. आमच्या मतदारसंघात मतांसाठी माणसं तीन-तीन मजले चढून आली, आजीच्या पाया पडून गेली. मग तपासणीचं मंडळ का येऊ शकत नाही?

माझं मागणं मोठं नाही. डिमेन्शियाच्या तपासणीत काळजी घेणाऱ्या माणसाला आत बसवून त्याचं म्हणणं लेखी नोंदवलंच पाहिजे, असं परिपत्रक काढा. अंथरुणाला खिळलेल्यांकडे मंडळ घरी पाठवा. प्रत्येक वॉर्डात दिवसभर अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र द्या आणि ब्युरोच्या बायकांना सरकारी खर्चाने शिकवा, म्हणजे माझी आई पुन्हा चार पैसे कमावायला बाहेर पडेल. पण परिपत्रक आधी काढा. त्याला ना जागा लागते, ना निधी.

कायद्याच्या कलम ५९ खाली आम्ही अपील करत आहोत. फेरतपासणीची तारीख मिळाली की आजीला पुन्हा घेऊन जाऊ. त्या दिवशी आई आत बसेल. तिला बाहेर काढलं, तर आजीलाही तपासू देणार नाही, आणि लेखी कारण मिळेपर्यंत आम्ही तिघी तिथून हलणार नाही.

आपली,
लालबागची एक नात