हलशीच्या रस्त्याच्या साईडपट्ट्या भरा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावहून पिरनवाडी, मच्छे, गणेबैल, खानापूर, नंदगड असे करत हलशीपर्यंत सायकलने जाणारी मंडळी सुटीच्या दिवशी पहाटे आता हमखास दिसतात. त्यांत कॉलेजचे विद्यार्थी आहेत, तशीच माझ्यासारखी निवृत्तीला आलेली माणसेही आहेत. जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटरचा हा फेरफटका आमच्या भागातील सर्वांत सुंदर आहे, असे मी मनापासून म्हणतो.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचे, रट्ट राजवटीतले. त्याच्या दारातून निघालेला माणूस दोन-अडीच तासांत कदंब राजांच्या हलशीत पोहोचतो. खानापुरात मलप्रभा ओलांडली की भाताची खाचरे आणि काजूची झाडे सुरू होतात, हवेतला गारवा वाढतो आणि वाहनांचा आवाज मागे पडतो. पुढे नंदगड परिसरात २६ जानेवारी १८३१ रोजी क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांना वडाच्या झाडावर फाशी देण्यात आले. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या या शिलेदाराच्या समाधीपाशी थांबल्याशिवाय आमच्यापैकी कोणीही पुढे जात नाही. हलशीचे भूवराह-नरसिंह मंदिर तर सावकाश पाहावे असेच आहे. समोरासमोर असलेली दोन गर्भगृहे, पृथ्वीला उचलून धरणारा वराह आणि पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले कदंब धाटणीचे शिखर पाहताना सायकलने आल्याचे सार्थक वाटते. मोटारीतून उतरून दहा मिनिटांत परतणाऱ्यांना ते कितपत जाणवत असेल, याची मला शंका आहे.

खानापूरपर्यंतच्या महामार्गाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. खरी अडचण खानापूर सोडल्यावर सुरू होते. रस्ता मुळातच अरुंद, त्यात दर पावसाळ्यात बाजूची माती वाहून गेल्याने डांबराची कड आणि साईडपट्टी यांच्यात कित्येक ठिकाणी चार-चार बोटांची पायरी पडली आहे. समोरून ट्रक आला की मागची मोटार डावीकडे दाबते आणि सायकलस्वाराला त्या पायरीवरून खाली उतरावे लागते. पुन्हा वर चढताना चाक कडेला घासते आणि सायकल नेमकी रस्त्याच्या बाजूला, म्हणजे वाहनांच्या पुढ्यात पडते. माझ्या एका सोबत्याचे मनगट असेच मोडले. गळीत हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर न लावता जातात, तेव्हा हा धोका कितीतरी वाढतो.

ही मागणी केवळ हौशी लोकांची आहे, असे कृपया कोणी समजू नये. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून कित्येक वर्षे आठवीच्या मुला-मुलींना मोफत सायकली दिल्या. खेड्यातील मुले शाळेला जातात ती अशाच रस्त्यांच्या कडेने, आणि दूध घालणारे, बाजाराला निघालेले शेतकरीही तिथूनच जातात.

यासाठी वेगळा सायकल मार्ग बांधा, असे मी म्हणत नाही; तेवढी जागाही तिथे नाही. साईडपट्टीवर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ती डांबराच्या पातळीला आणावी आणि मोऱ्यांच्या कठड्यांना पांढरा रंग द्यावा, एवढे केले तरी पुष्कळ आहे. रायण्णांच्या समाधीकडे आणि हलशीकडे वळताना कन्नडसोबत मराठीतही फलक लावावेत, कारण या पट्ट्यात मराठी वाचणारी माणसे मोठ्या संख्येने राहतात आणि बाहेरून येणाऱ्यांतही महाराष्ट्रातील पर्यटक असतात. नुसती माती लोटून काम उरकले, तर पहिल्याच पावसात ती वाहून जाईल, म्हणून मुरूम दाबण्याचा आग्रह धरत आहे. संबंधित खात्याने पाऊस ओसरताच हे काम हाती घ्यावे आणि उसाची वाहतूक सुरू होण्यापूर्वी ते पूर्ण करावे, ही विनंती.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
टिळकवाडी, बेळगाव