क्लच आणि पाइप जुळवायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही मला जे दिलंत ते माझ्या एकट्याच्या गॅरेजात पडून राहू नये असं वाटतं.

स्नोमोबाइल, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी, डांबरावरही पळवतात हे आपल्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पलीकडे कॅनडात बर्फ वितळला की हीच यंत्रं गवतावर आणि ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, डांबरी पट्टीवर उतरतात. बऱ्याच ठिकाणी अंतर ६६० फूट, म्हणजे मैलाचा आठवा भाग. पुढच्या स्कींना छोटी चाकं लावायची. रबरी ट्रॅकच्या आतही जास्तीची चाकं बसवायची, कारण तो ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांना वंगण मिळतं ते बर्फाचंच. इंजिन थंड ठेवायलाही बर्फ नाही, म्हणून धाव संपली की गार पाण्याची टाकी जोडून पाणी फिरवायचं. एवढा खटाटोप कशासाठी, असं घरचे विचारतात. तुम्ही मात्र ते कधीच विचारलं नाहीत. मी माझी जुनी तीन सिलिंडरची मॅक झी स्नोमोबाइल ट्रेलरवरून उतरवत होतो, तेव्हा तुम्ही चष्मा पुसून थेट तिच्यापाशी वाकलात.

तिला एक्झॉस्टचे तीन नवे पाइप लावलेले होते आणि क्लच कंपनीतून आला तसाच होता. या गाडीत क्लच म्हणजे बेल्टने जोडलेल्या पुढच्या-मागच्या दोन पुली, त्याच आपोआप गिअर बदलत जातात. तुम्ही पाना उचलला नाहीत. विचारलंत, "पाइप किती तापल्यावर ही मिनिटाला ८,३०० फेऱ्यांवर ताकद देते?" या एका प्रश्नासाठी मी तुमचा ऋणी आहे. पुढचं सगळं त्यातूनच उलगडलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण तुम्ही ते मला कागदावर पेन्सिलीने काढून दाखवलंत तसं मी आजवर कुठे पाहिलं नव्हतं. टू-स्ट्रोकचं एक्झॉस्ट पोर्ट उघडलं की दाबाची एक लाट पाइपमध्ये धावत सुटते. पाइप जिथे रुंदावत जातो तिथून ती ओढ होऊन परतते. ही ओढ सिलिंडरमधला जळका वायू बाहेर खेचते, आणि त्याच्यामागे थोडं ताजं मिश्रणही पाइपात ओढून आणते. पुढे पाइप निमुळता होतो. तिथे आपटलेली लाट दाब घेऊनच माघारी येते आणि बाहेर सांडलेलं ते ताजं मिश्रण पोर्ट मिटायच्या आत सिलिंडरमध्ये परत कोंबते. सगळा खेळ ती लाट वेळेवर पोचण्याचा आहे. लाटेचा वेग वायूच्या तापमानावर ठरतो. आतला वायू ४०० अंश सेल्सिअसवरून ५०० वर गेला की तो वेग सुमारे ७ टक्के वाढतो, आणि ८,००० फेऱ्यांना जुळलेला पाइप साडेआठ हजारांपुढे जुळायला लागतो. पाइप तोच, फक्त तापलेला.

आता ही ६६० फुटांची धाव घ्या. काही सेकंदांत संपते. सुटताना पाइप अजून पुरता तापलेला नसतो आणि शेवटापर्यंत तापतच जातो. म्हणजे इंजिनाला सुरुवातीला कमी फेऱ्या हव्यात आणि शेवटी जास्त. क्लच तर बसवलेला असतो सगळ्या धावेत एकच आकडा धरून ठेवायला! तापलेल्या पाइपच्या आकड्यावर बसवला तर सुटताना इंजिन ताकदीच्या टोकावरून पुढे घसरतं, थंड पाइपच्या आकड्यावर बसवला तर शेवटच्या शंभर-दोनशे फुटांत गुदमरतं. तुम्ही म्हणालात, "क्लच आणि पाइप दोन वेगळ्या दुकानांतून घेतले तरी बसवताना एकत्रच बसवायचे."

त्यावरचा तुमचा उपाय इतका सरळ होता की मी तो पुन्हा पुन्हा तपासून पाहिला. पुढच्या क्लचचं काम तुम्ही आधी उरकलंत. त्यातल्या लिव्हरच्या पिना जड केल्या की इंजिनाच्या फेऱ्या खाली येतात, हलक्या केल्या की वर जातात. रँपचा क्लिकर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारा स्क्रू, एक घर फिरवला की साधारण २०० फेऱ्यांचा फरक पडतो, तो बारीक जुळणीसाठी. खरी किमया मागच्या क्लचच्या हेलिक्समध्ये, म्हणजे आतल्या तिरक्या उताराच्या भागात, होती. हेलिक्सचा कोन मोठा असला की क्लच लवकर वरच्या गिअरकडे सरकतो, इंजिनावर भार पडतो आणि फेऱ्या दबतात. कोन लहान असला की बेल्ट घट्ट आवळला जातो, सरकणं लांबतं आणि फेऱ्या चढतात. तुम्ही सुरुवातीला मोठा आणि शेवटाकडे लहान होत जाणाऱ्या कोनाचा हेलिक्स घातलात. पाइप जसा तापत जातो तशा फेऱ्याही वर सरकत जातात. पहिल्यांदा टॅकोमीटरची नोंद उघडून पाहिली तेव्हा ती रेघ पाइपच्या तापमानाच्या रेघेबरोबर चढत होती. तो आलेख मी छापून ठेवलाय.

डांबराची पकड हा वेगळाच मामला. बर्फावर सुटताना ट्रॅक थोडा घसरतो आणि तेवढ्या वेळात इंजिन फेऱ्या गाठतं. चिकट पट्टीवर ही सवलत नाही, सगळा भार एकदम येतो आणि इंजिन बसतं. म्हणून तुम्ही पुढच्या क्लचची स्प्रिंग बदलून तो जास्त फेऱ्यांवर पकडेल असं केलंत. मग पुढचं टोक हवेत जायला लागलं, तर ते उचलू न देणारा सस्पेन्शनचा लिमिटर पट्टा आखडलात. एक बदल केला की त्याच्यामागून दुसरा येतोच, पण एका वेळी एकच करायचा आणि तो वहीत लिहिल्याशिवाय पुढच्या धावेला जायचं नाही, हा तुमचा नियम मी अजून मोडलेला नाही.

आणि ती मार्करची युक्ती! पुलीच्या तोंडावर काळ्या मार्करने रेघा ओढायच्या, धाव घ्यायची आणि बेल्टने रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. रेघ वरच्या टोकाला शिल्लक राहिली तर क्लच पूर्ण सरकलाच नाही, म्हणजे साखळीचं गिअरिंग चुकलंय. मग दोन्ही पुलींचं तापमान मोजायचं. जी जास्त तापली तिथे बेल्ट घसरतोय, आणि तिथली ताकद ट्रॅकपर्यंत पोचतच नाही. महागड्या यंत्रांइतकंच हे मला सांगून जातं.

उन्हाळ्याची हवाही तुम्हीच समजावलीत. उणे २० अंशांची हवा आणि ३० अंशांची हवा यांच्या घनतेत सुमारे १६ टक्क्यांचा फरक. म्हणजे जुलैतल्या दुपारी इंजिन तेवढं कमी श्वास घेतं, इंधन सोडणारे कार्ब्युरेटरचे जेट लहान लागतात आणि ताकद कमी झाल्यामुळे क्लचच्या पिनाही हलक्या कराव्या लागतात. हिवाळ्यातली सेटिंग जशीच्या तशी डांबरावर नेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

एका संध्याकाळी तुम्ही वाल्टर काडेनची गोष्ट सांगितलीत. पूर्व जर्मनीतल्या चोपाउ गावी, एम.झेड. मोटारसायकलींच्या कारखान्यात, तुटपुंज्या साधनांवर या माणसाने १९५०च्या दशकात पाइपमधल्या या लाटांचा अभ्यास करून टू-स्ट्रोकची ताकद कुठच्या कुठे नेली. १९६१ मध्ये त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीत देश सोडून निघाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. काडेन मागेच राहिला. कोल्हापुरात आम्ही ज्या आरएक्स १०० च्या आवाजावर जीव टाकायचो, तिच्या पाइपाची मुळं त्याच लाटांपर्यंत जातात. हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. ज्ञान चोरून न्यावं लागतं याचं तुम्हाला वाईट वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणूनच तुमच्या वहीबद्दल लिहायला हवं. शर्यतीच्या पिटमध्ये लोक क्लचचं झाकण उघडतानासुद्धा पाठ करून उभे राहतात. पिनांचं वजन विचारलं तर विषय बदलतात. त्यांचा राग नाही, कित्येक वर्षांची कमाई असते ती. तुम्ही मात्र कित्येक हंगामांची वही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "फोटो काढून घे, नीट दिसत नाही ते विचार." पाइपचं तापमान, हवा, पिना, स्प्रिंग, हेलिक्स, बेल्टची खूण, आणि कडेला मराठीत बारीक शेरे. "आज वारा समोरून." "बेल्ट नवा, एक धाव सोडून मोज." अशी वही देणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

तुमची शिस्तही त्याच वहीत आहे. स्टँडवर इंजिन फिरताना ट्रॅकच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. क्लचवरचा गार्ड काढून फेऱ्या वाढवायच्या नाहीत, कारण आठ हजारांवर पुली फुटली तर तिचा तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. माझा मुलगा बघायला आला तेव्हा तुम्ही आधी त्याच्या डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर मफ चढवलात, मग माझ्याशी बोललात. त्याच्या आईने याबद्दल तुम्हाला वेगळे आभार सांगितलेत, तेही इथे लिहितो.

गेल्या हंगामात शेजारच्या गावातली एक पोरगी तिच्या वडिलांची जुनी गाडी घेऊन माझ्याकडे आली. पाइप नवे, क्लच जुना. मी तिला तुमचाच प्रश्न विचारला आणि तुमच्या वहीची पानं पाठवली. तुमची परवानगी न विचारता पाठवली, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत होतं.

आता एक काम आहे. मधल्या पाइपचं तापमान बाकी दोघांपेक्षा सतत जास्त दिसतंय. स्टिंगर, म्हणजे पाइपच्या शेवटची नळी, अरुंद असला की पाइपात दाब आणि उष्णता साठते असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणून तिन्ही आतून मोजले, सारखेच आहेत. मधला जेट एक नंबर मोठा करून बघायचा विचार आहे, पण आधी त्या सिलिंडरचा पिस्टन तुम्ही डोळ्यांनी पाहावा असं वाटतं. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. काकूंना सांगा, डबा आमच्याकडून.

तुमचा,
मॅक झीवाला