नाताळच्या जेवणासाठी रोल्स: आईस पत्र

बॉस्टन

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत सगळे वेंगुर्ल्याला जमणार आहेत आणि दादाने आणलेल्या नव्या ओव्हनमध्ये, मी येथल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला करते तसे रोल्स त्या जेवणासाठी करण्याचा तुझा विचार आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या त्या जेवणात सगळा मान टर्कीचा असतो. परंतु तिचा रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत टिपून घेतो तो हा मऊ पाव, आणि माझ्या मते मेजावरचा सर्वांत चांगला पदार्थही तोच. १८५५ साली सुरू झालेल्या येथील पार्कर हाउस हॉटेलाचे लोणी लावून दुमडलेले रोल्स तर देशभर प्रसिद्ध आहेत. तू ते कोंबडीच्या रश्श्याबरोबर वाढ, आणि आजीसाठी काळ्या वाटाण्याचे सांबारे कर.

साधारण पंधरा रोल्सना अर्धा किलो मैदा, २७० मिली दूध, एक अंडे, ५० ग्रॅम साखर, ७० ग्रॅम लोणी आणि दीड चमचा मीठ लागते. बाजारातले खारे लोणी वापरलेस तर मीठ एकच चमचा घे. दूध एकदम ओतू नकोस. आपल्याकडचा मैदा येथल्या पावाच्या पिठाइतके पाणी पीत नाही, शिवाय समुद्रकाठच्या दमट हवेत तो आधीच थोडा ओलावा धरून असतो, म्हणून चार-पाच चमचे दूध बाजूला ठेवून पीठ मागेल तसे घाल. आजी अंडे खात नाही, तेव्हा तिच्या वाटच्या पिठात त्याऐवजी तेवढेच दूध चालेल. दुधाच्या जागी नारळाचा रस घालावा का, असे तू विचारले आहेस. अवश्य घाल, मात्र घट्ट रसात स्निग्धांश पुष्कळ असतो, त्यामुळे लोणी निम्मे कर.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे आणि तिच्याबाबतीत येथली कृती तू पाळू नयेस, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. येथे या दिवसांत स्वयंपाकघर वीस अंशांच्या आसपास असते, त्यामुळे सात ग्रॅम यीस्ट घालूनही पीठ दुप्पट व्हायला दीड-दोन तास लागतात. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो आणि तेच पीठ पाऊण तासात वर येऊन आंबट वासाचे होऊ शकते. आंबोळीचे पीठ मे महिन्यात किती लवकर आंबते आणि थंडीत किती वेळ घेते, हे तुला कोणी शिकवायला नको. यीस्टचेही तसेच आहे. म्हणून चारच ग्रॅम यीस्ट घे, घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहा, आणि शक्य असेल तर मळलेले पीठ झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. सावकाश फुगलेल्या पिठाला चवही अधिक चांगली येते आणि जेवणाच्या दिवशी सकाळी तुझी धावपळ वाचते.

यीस्ट दाणेदार असेल तर ते साखर घातलेल्या कोमट दुधात दहा मिनिटे ठेव, फेस आला नाही तर ते जुने झाले आहे असे समजून टाकून दे. दूध बोटाला सहज सोसेल इतकेच गरम असावे, कारण साठ अंशांच्या घरात यीस्ट मरते. लोणी सुरुवातीला घालू नकोस. आधी पीठ दहा मिनिटे मळून त्याला ताण आला की मग थोडे थोडे मुरव. लहानसा तुकडा बोटांनी ताणल्यावर न फाटता त्याचा पातळ पडदा झाला आणि त्यातून उजेड दिसला, की मळणे पुरे झाले.

सकाळी लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करून ते तेल लावलेल्या ट्रेमध्ये एकमेकांपासून बोटभर अंतरावर मांड आणि फुगून एकमेकांना टेकेपर्यंत झाकून ठेव. गार पिठाला यासाठी तास-दीड तास द्यावा लागेल. ओव्हन आधी १९० अंशांवर नीट तापू दे, मग मधल्या खणात वीस मिनिटे भाज. लहान ओव्हनमध्ये वरची कांडी ट्रेच्या फार जवळ असते, म्हणून रंग लवकर आला तर वर फॉइल टाक. एका वेळी सगळे मावणार नाहीत, तेव्हा दुसरा ट्रे पहिला भाजून होईपर्यंत फ्रिजमध्येच राहू दे, नाहीतर आपल्या हवेत तो वाजवीपेक्षा जास्त फुगून बसेल. बाहेर काढताच वरून लोणी लाव आणि दहा मिनिटे कोणालाही हात लावू देऊ नकोस, बाबांनाही नाही.

जमल्यास त्याआधी एखाद्या रविवारी अर्ध्या मापाने करून पाहा आणि पीठ किती वेळात वर आले ते मला कळव, म्हणजे यीस्ट आणखी कमी करायचे का, हे ठरवता येईल. बाबांना आणि आजीला सा. न. सांग.

तुझी,
लेक